न दुखणाऱ्या पायाची राखण

माझ्या पिशवीतलं सगळ्यात हलकं उपकरण म्हणजे नायलॉनचा एक तंतू. प्लॅस्टिकच्या छोट्या दांडीच्या टोकाला तो काटकोनात बसवलेला असतो. त्याची जाडी अशी ठरवलेली असते, की कातडीवर टेकवून दाबला तर बरोबर दहा ग्रॅम जोराला तो वाकतो. दाबणाऱ्याचा हात जड असो की हलका, कातडीवर जोर तेवढाच पडतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, अंगठा, चवडा, तळपायाची कड अशा ठरलेल्या जागी तंतू टेकवायचा, त्याची कमान होईपर्यंत क्षणभर दाबायचा आणि विचारायचं, "मामा, कळलं का?" कळलं, तर ती जागा अजून स्वतःची राखण करू शकते. नाही कळलं, तर तिची राखण इथून पुढं दुसऱ्या कुणाला तरी करावी लागणार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुखेड तालुक्यात कुष्ठरोगामुळे आणि मधुमेहामुळे बधिर झालेल्या हातापायांचं काम करते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत माक्स फॉन फ्राय यांनी स्पर्श मोजायला घोड्याचे केस वापरले. पुढं अमेरिकेत जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी केसाच्या जागी नायलॉन आणलं. त्या नायलॉनवर आजही आमचं काम चालतं. पण हा तंतू फक्त एका क्षणाचं सांगतो. शिबिर आटोपून माणूस घरी, शेतात, उसाच्या फडात गेला की त्याच्या पायावर काय गुदरतं, ते कळायला पायावरच काहीतरी हवं. अंगावर घालायच्या सेन्सरांमध्ये मला रस वाटू लागला तो इथून.

बधिरपणा येतो कसा, हे आधी सांगते. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागातल्या, कातडीजवळून जाणाऱ्या नसांमध्ये घर करतात. कोपरामागची नस, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची नस, आतल्या घोट्यामागची नस. ही शेवटची नस गेली की तळपाय मुका होतो. मधुमेहात सगळ्यात लांब नसांना आधी इजा होते, म्हणून बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन वर चढत जातो. दोन्ही आजारांत घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या बारीक नसाही मरतात. घाम सुटायचा थांबतो, कातडी कोरडी ठणठणीत होते, भेगा पडतात, घट्टे येतात. औषधांनी कुष्ठरोगाचे जंतू मरतात, आजार बरा होतो, संसर्ग थांबतो. मेलेली नस मात्र बहुधा परत येत नाही. कागदोपत्री बरा झालेला माणूस पुढची तीस-चाळीस वर्षं त्या पायावर चालत राहतो.

आणि मुखेडमध्ये चालावं लागतंच. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेला हा तालुका. जमीन हलकी, माळरान जास्त, पाण्याची ओढ. सोयाबीन, तूर, ज्वारी निघाली की हाताला काम उरत नाही. मग वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती कोयत्यावर फेडायची असते. फडात पायाखाली उसाचे तिरपे तुटलेले बुडखे आणि धारदार पाचट. घरी असले तरी शेतात तुरीची धसकटं आहेत, बांधावर बाभळीचे काटे आहेत. अशा ठिकाणी ज्याचा पाय दुखतो, तो थांबतो. ज्याचा दुखत नाही, तो काम करत राहतो. मुकादमाच्या दृष्टीनं तो चांगला मजूर ठरतो, आणि त्याचाच पाय पहिल्यांदा जातो.

लोकांना वाटतं, बधिर पायाला जखम होते ती काटा किंवा खिळा घुसून. तशीही होते. पण तळपायाच्या बहुतेक जखमा चालण्यातून होतात. एकाच जागी, रोजच्याच ताकदीनं, हजारो वेळा पडणारा दाब आतलं मांस चेचत जातो. धडधाकट माणूस लांब चालला की नकळत चाल बदलतो. अंगठ्यावरचा भार कडेवर घेतो, पाऊल आखूड टाकतो, जरा लंगडतो. हे त्यानं ठरवलेलं नसतं, पाय परस्पर करतो. बधिर पाय मात्र पहिल्या पावलाला जिथं टेकला, तिथंच शेवटच्या पावलालाही टेकतो.

हे डोळ्यांना दाखवायचं आमचं जुनं साधन म्हणजे हॅरिस मॅट. रबराची चटई, तिच्यावर कमी-जास्त उंचीच्या रेघांची जाळी. जाळीवर रुळानं शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि रुग्णाला त्यावरून एक पाऊल टाकून पुढं जायला सांगायचं. हलका दाब पडतो तिथं फक्त उंच रेघा उमटतात, मोठे मोठे चौकोन दिसतात. दाब वाढला की मधल्या बुटक्या रेघाही उमटतात, चौकोन बारीक होत जातात. सगळ्यात जास्त दाबाच्या जागी कागद काळाकुट्ट होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीत एका ऊसतोड कामगाराचं पाऊल मी असं घेतलं. अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर, रुपयाएवढा काळा डाग उमटला. कागद त्याच्या पायाशेजारी धरला. डागाच्या जागी पायावर जाड पिवळट घट्टा होता. घट्टा तासून काढला तर खाली रक्त साकळून काळं पडलेलं. "हितं तर मला काईच होत नाही," तो म्हणाला. कागदाकडं बघत, मग पायाकडं बघत त्यानं ते पुन्हा एकदा म्हटलं. वरून शाबूत दिसणाऱ्या त्या कातडीखाली जखम तयार होती, फुटायची तेवढी बाकी होती.

शाईच्या या कागदाचं आजचं रूप म्हणजे सेन्सर बसवलेला बुटाचा आतला तळवा. पातळ थरांमध्ये ठिकठिकाणी दाब ओळखणाऱ्या चकत्या असतात. काहींमध्ये दाब पडला की विजेचा विरोध कमी होतो, काहींमध्ये दोन पत्रे जवळ आल्यामुळं त्यांची वीज साठवायची क्षमता बदलते. तो बदल मोबाइलवर रंगांनी दिसतो: निळा, हिरवा, पिवळा, लाल. अभियांत्रिकीच्या मुलांनी बनवलेला असा एक तळवा आमच्या शिबिरात आला होता. तांड्यावरच्या एका मावशींना तो घालून चालवलं. पावलागणिक अंगठ्याखाली लाल ठिपका पेटत होता. मावशींनी मोबाइल बराच वेळ हातात धरला, मग वाकून स्वतःचा अंगठा चाचपला. हॅरिस मॅट एकच पाऊल दाखवते, हा तळवा दिवसभराची सगळी पावलं दाखवू शकतो. मला तो मनापासून आवडला. पण मावशींनी एरवी आयुष्यात कधी बूट घातले नव्हते. तळवा काढून घेतला आणि त्या वहाणा घालून घरी गेल्या.

न दुखणाऱ्या पायाला इशारा द्यायचा कसा, हे कोडं जुनं आहे, आणि ते सोडवायला निघालेला माणूस भारतातलाच म्हणावा असा होता. डॉ. पॉल ब्रँड १९१४ मध्ये तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढं तिथं त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरोगात हातपाय झडतात हा समज त्यांनी खोडून काढला. हातपाय झडत नाहीत, दुखणं नसल्यामुळं माणूसच ते रोज थोडे थोडे इजा करून घालवतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथं अभियंत्यांना सोबत घेऊन त्यांनी कृत्रिम वेदना तयार करायचं ठरवलं. हातमोज्यांत आणि पायमोज्यांत दाबाचे सेन्सर बसवले. दाब वाढला की कानातल्या यंत्रात आवाज यायचा. रुग्ण तो ऐकायचे आणि काम चालूच ठेवायचे. मग दिवे लावून पाहिले, त्यांच्याकडंही लोकांनी दुर्लक्ष केलं. शेवटी काखेत, जिथं संवेदना शाबूत होती तिथं, विजेचा झटका द्यायची सोय केली. झटका बसायचा खरा, पण ज्या कामात तो बसणार हे ठाऊक असायचं, ते काम करण्याआधी रुग्ण बटण बंद करायचे आणि काम झालं की पुन्हा चालू करायचे. शिवाय सेन्सर महाग होते आणि वापरून लवकर खराब व्हायचे. प्रयोग सोडून द्यावा लागला. वेदनेचं बटण माणसाच्या हातात नसतं, म्हणूनच ती राखण करू शकते, हा धडा घेऊन ब्रँड त्यातून बाहेर पडले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कागदावर काळा डाग उमटवलेला तो ऊसतोड कामगार आठवला. त्याच्या पायात उद्या सेन्सर बसवला आणि सकाळी दहा वाजता तो वाजला, तर तो काय करील? टोळीतली जोडी अर्धी पडेल, गाडी भरायची राहील, गैरहजेरीचा खाडा लागेल. तो बटण बंद करील. त्याच्या जागी मी असते तर मीही केलं असतं.

माणसं सांगतात एक आणि पाय करतात दुसरं, हेही सेन्सरांनीच मोजून दाखवलं आहे. २००३ मध्ये अमेरिकेत डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळपायाला जखम असलेल्या वीस मधुमेही रुग्णांना भार कमी करणारा, काढता-घालता येणारा बूट दिला. कमरेला पावलं मोजणारं यंत्र लावलं आणि तसंच दुसरं बुटात लपवून ठेवलं. दोन्ही आकडे ताडून पाहिले तर दिवसभराच्या पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं त्या बुटात पडली होती. बाकीची पावलं त्याच्याविना. यावर निघालेला उपाय साधा होता. तोच बूट प्लॅस्टरच्या पट्टीनं असा गुंडाळायचा की रुग्णाला काढता येऊ नये.

आपल्याकडं तर अर्धं आयुष्य अनवाणी जातं. देवळात, पंगतीत, ओसरीवर, चुलीपुढं वहाण नाही. उंबऱ्याच्या आत चप्पल आणलेली बहुतेक घरांत चालत नाही. घरातल्या बाईची निम्म्याहून जास्त पावलं शहाबादी फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर पडतात. बुटातला सेन्सर ही पावलं कधीच पाहणार नाही. म्हणून मी आता एमसीआर चपलांचे दोन जोड मागते. एमसीआर म्हणजे मऊ, बारीक छिद्रांचं रबर, भार पसरवून घेणारं. एक जोड बाहेरचा, एक फक्त घरातला, धुऊन वेगळा ठेवलेला. सासू-सुनेला एकत्र बसवून हे समजावलं तर घरातला जोड चालतो. रुग्णाला एकट्याला सांगितलं तर चालत नाही.

अंगावर घालायची वस्तू गावाशीही बोलते, हे यंत्र बनवणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवं. एकेकाळी एमसीआर चप्पल ठरावीक काळ्या घडणीची यायची. ती पायात दिसली की गाव ओळखायचं. कित्येकांनी ती पिशवीत घालून गावाबाहेर नेली, तिथं पायात घातली आणि परत येताना काढली. आता रंगीत, बाजारातल्यासारख्या चपला मिळतात तेव्हा त्या घातल्या जातात. लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर वाजणारा सेन्सर कुणी बाई पायात ठेवणार नाही. ती लपवते आहे तो आजार नव्हे, आजारावरून होणारी बोलणी. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

मग सेन्सर निरुपयोगी आहेत का? अजिबात नाहीत. उलट डोळ्यांवर विसंबू नये, हेच मोजमापानं सिद्ध झालं आहे. आतलं मांस चेचलं गेलं की तिथं रक्त धावतं, जागा गरम होते, आणि कातडी फुटायच्या पुष्कळ आधी होते. टेक्सासमध्ये लॉरेन्स लॅव्हरी आणि आर्मस्ट्राँग यांच्या गटानं २००७ मध्ये एक अभ्यास मांडला. मधुमेही रुग्णांच्या एका गटाला नेहमीची काळजी, दुसऱ्याला रोज आरशात तळपाय बघायची शिस्त आणि तिसऱ्याला कातडीचं तापमान मोजायचं यंत्र. दोन्ही पायांच्या त्याच जागी तापमानात २.२ अंश सेल्सियसहून जास्त फरक पडला, तर चालणं कमी करायचं आणि परिचारिकेला फोन करायचा. पंधरा महिन्यांत पहिल्या दोन गटांमध्ये सुमारे ३० टक्के लोकांना जखमा झाल्या, तापमान मोजणाऱ्या गटात साडेआठ टक्क्यांना. नुसतं बघून फरक पडला नाही. मोजून पडला. आणि माझ्या मते मोजण्याइतकंच महत्त्वाचं होतं ते आकड्याला जोडलेलं काम: एवढा आकडा आला की चालणं कमी आणि अमुक व्यक्तीला फोन. हुकूम सोबत असला की आकडा वेदनेची थोडीफार जागा घेतो.

हे वाचल्यावर मी उपकेंद्रांच्या कपाटांकडं वेगळ्या नजरेनं बघू लागले. करोनाच्या काळात, २०२० च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरोघर फिरल्या. एका हातात ऑक्सिमीटर, दुसऱ्या हातात कपाळाकडं रोखायची थर्मामीटरची बंदूक. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तेव्हा घराघरात कळला. ९४ च्या खाली आकडा आला की दवाखाना गाठायचा, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही पाठ होतं. त्या बंदुका आता धूळ खात पडून आहेत. मी त्यातली एक मागून घेतली, नवे सेल टाकले आणि तळपायाकडं रोखली. पडद्यावर अक्षरं आली, 'लो'. कपाळासाठी ठरवलेल्या पल्ल्यापेक्षा पाऊल थंड असतं, म्हणून यंत्र आकडा दाखवत नाही. पण बऱ्याच बंदुकांना वस्तूचं तापमान मोजायचा दुसरा पर्याय असतो, एक बटण दाबून तो निवडता येतो. तसा निवडला की आकडे येऊ लागतात. खरं तापमान तंतोतंत बरोबर आहे की नाही, याची इथं फारशी गरज नाही. एकाच यंत्रानं, एकाच अंतरावरून, दोन्ही पायांच्या त्याच जागा मोजायच्या आणि फरक बघायचा.

यातून जी रीत बसवली, ती अशी. संध्याकाळी कामावरून आलं की पाय धुतले जातातच. त्याच वेळी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पाय ठेवायचे, घट्टा दगडानं हलका घासायचा, ओल्या कातडीवर तेल लावायचं. पाण्याचा चटका आधी घरच्या माणसानं बघायचा, रुग्णानं नाही. पण तापमान मोजायचं ते पाय पाण्यात घालायच्या आधी, जरा टेकून बसल्यावर. सहा जागा, डावा आणि उजवा. वहीत दोन ओळी. आकडे लिहायचं काम घरातल्या शाळकरी पोराकडं दिलं, तर ते एक दिवसही चुकवत नाही. एका मावशींची नात आकडा वाढला की चप्पलच लपवून ठेवते. मावशी तिच्यावर चिडतात आणि बसून राहतात. पायापासून मेंदूपर्यंत जाणारी वाट तुटली होती. ती या घरानं वहीतून आणि नातीतून फिरवून जोडून घेतली आहे. दोन्ही पाय सारखेच चेचले गेले असतील तर फरक दिसत नाही, उघड्या जखमेला ही रीत लागूच नाही, आणि घोट्यामागची नस दुखायला लागली, नवा बधिरपणा आला तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. हे मी प्रत्येक घरात सांगते.

पुढच्या यंत्रांकडून माझी अपेक्षा यातूनच ठरली आहे. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापूतियन यांना मिळालं. मिरचीतला तिखटपणा आणणारा पदार्थ वापरून ज्युलियस यांनी चटका ओळखणारा मज्जातंतूंमधला रेणू शोधला, तर पातापूतियन यांनी दाब ओळखणारे रेणू. कातडी कशी मोजते, हे आता पुष्कळ कळलं आहे, आणि तशी मोजणारी कृत्रिम कातडीही जगभर प्रयोगशाळांत तयार होते आहे. पण आमच्या कामाच्या सगळ्यात जवळची वाटते ती २०२२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं तिथल्याच कर्नाटक इन्स्टिट्यूट ऑफ एंडोक्रायनॉलॉजी अँड रिसर्च या संस्थेसोबत मांडलेली चप्पल. थ्रीडी छपाईनं केलेल्या तिच्या तळव्यात छोट्या कमानी आहेत. ठरलेल्या मर्यादेपेक्षा दाब वाढला की तिथली कमान आपोआप खाली बसते आणि भार शेजारच्या जागेवर जातो. दाब हटला की ती पुन्हा उभी राहते. बॅटरी नाही, मोबाइल नाही, आवाज नाही, बंद करायला बटण नाही. धडधाकट पाय लंगडून जे करतो, ते ही चप्पल परस्पर करते. अशी चप्पल चिखलात, उन्हात, पाचटावर टिकेल अशी आणि मजुराला परवडेल अशी झाली, तर रंगीत नकाशे दाखवणाऱ्या दहा यंत्रांपेक्षा मी ती आधी मागेन.

तोवर मुखेडसारख्या तालुक्यात जे होऊ शकतं, ते पैशानं फार मोठं नाही. दिवाळीनंतर टोळ्या निघण्याआधी बधिर पायांची गाववार यादी व्हावी. प्रत्येकाला चपलांचे दोन जोड, एक थर्मामीटर आणि टोळीतच सोबत असणारं, मोजायला शिकवलेलं एक माणूस मिळावं. साखर कारखाना ज्या तालुक्यात आहे, तिथल्या आरोग्य केंद्राला ती यादी आधी पोचावी, म्हणजे फोन कुणाला करायचा हे ठरलेलं असेल. राज्यात ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ आहे. त्याच्याकडं माझी एकच मागणी आहे. पाय गरम आल्याचा आकडा ज्या दिवशी वहीत लिहिला जाईल, तो दिवस आजारपणाचा धरला जावा आणि मुकादमानं त्याचा खाडा लावू नये. दुखत नसलं तरी थांबायचं, हे आम्ही माणसाला शिकवू शकतो. थांबल्यावर त्याची उचल वाढणार नाही, एवढी हमी व्यवस्थेनं द्यावी.